नदी खोडली, ओळ राहू दिली

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडी आत एक वस्ती आहे. तिथं नदी नाही. ओढाही नाही. शहरातली खाम नदी त्या बाजूला फिरकत नाही. नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, आणि तेही शेवटच्या घरापर्यंत पोचेल याची हमी नसते. अशा वस्तीत मी एक नदी आणली. एकट्यानं, खुर्चीवर बसून, एका दुपारी, चहा गार व्हायच्या आत.

ही चूक माझी. ती टायपिंगची नव्हती, संगणकाची नव्हती आणि घाईचीही पुरती नव्हती. आधीच सांगून टाकतो, कारण मी तिन्हींवर ती ढकलून पाहिली आहे.

माझं काम काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की ती सांगायची, "दवाखान्यांचं काहीतरी करतो." त्यामुळं गल्लीत कुणाला ताप आला की माणसं माझ्या दाराशी. मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. मी अहवाल लिहितो. एखाद्या वस्तीत माणसं कशानं आजारी पडतात, दवाखाना किती लांब आहे, पाणी कुठून येतं, गटार कुठं तुंबतं, बाळंतपणं कुठं होतात, हे विचारत फिरायचं. मग ते सगळं एका जाड अहवालात बसवायचं आणि शेवटी एक आराखडा जोडायचा: समस्या, कारण, उपाय, जबाबदारी कुणाची, मुदत किती. याला आम्ही सामुदायिक आरोग्य मूल्यमापन आणि सुधारणा आराखडा म्हणतो. नाव एवढं लांब आहे की ते वाचूनच माणसाला सुधारणा झाल्यासारखं वाटतं.

आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत लिहिण्याचं काम. आजोबा निजामाच्या अमलात कारकून, वडील जिल्हा कचेरीत. लिहिण्यात आपला कुणी हात धरणार नाही, असा एक खानदानी गैरसमज मी बाळगून होतो. माझा लाडका शब्द 'अभाव'. जागरूकतेचा अभाव, समन्वयाचा अभाव, पायाभूत सुविधांचा अभाव. माझ्या अहवालांत अभाव नव्हता तो फक्त पानांचा. औरंगपुऱ्यात मी जिथं अहवालांचं बाइंडिंग करून घेतो, तिथला दुकानदार अहवाल हातात तोलून म्हणायचा, "सर, आजारी लोक वाढले का? गेल्या खेपेपेक्षा जाड झालाय." मला तो कौतुकाचा शब्द वाटायचा.

या कामात माणसं भेटतात मात्र छान. एका गावच्या सरपंचांना एकाच वर्षी रुग्णवाहिका हवी होती आणि स्वच्छतेचा पुरस्कारही हवा होता. म्हणजे रुग्णवाहिकेसाठी गाव पुरेसं आजारी पाहिजे आणि पुरस्कारासाठी ठणठणीत पाहिजे. त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "सर, आसं लिहा की आजार हाय बी आन् नाय बी." मी हसलो. पण अहवाल लिहून झाल्यावर वाचला, तर मी बरोबर तसंच लिहिलं होतं.

शहागंजात दुकानांतून काम करणाऱ्यांच्या तब्येतीची पाहणी करत होतो तेव्हा एका अत्तरवाल्या चाचांनी मला स्टुलावर बसवून घेतलं. माझे सगळे प्रश्न शांतपणे ऐकले, उत्तरं दिली. मी उठायला लागलो तसे म्हणाले, "मियाँ, हर दो बरस में कोई आके पूछता. निकला क्या, ये बताने कब्बी कोई नै आता." मनगटाला थोडं अत्तर लावलं आणि सोडलं मला. वास दोन दिवस टिकला. वाक्य मी टिपून घेतलं, अहवालात 'लाभार्थ्यांचे अभिप्राय' या मथळ्याखाली टाकलं, आणि काय निघालं ते सांगायला मीही परत गेलो नाही.

आता वस्तीकडं येतो.

तिथली आशा कार्यकर्ती म्हणजे सुनंदाताई. आशा म्हणजे त्याच वस्तीतली एक बाई, जी घरोघर फिरून गरोदर बायका, तान्ही मुलं, लसी, ताप-खोकला यांची नोंद ठेवते आणि लोकांना दवाखान्याशी जोडून देते. सुनंदाताई तेव्हा पस्तिशीच्या असतील. झपाझप चालायच्या, बोलायच्या कमी. त्यांच्यामागून वस्तीत फिरताना मला दम लागायचा आणि मी 'निरीक्षण नोंदवतो' म्हणून थांबायचो. बायका सकाळी सातला कामाला बाहेर पडतात, कुणी छावणीत धुण्याभांड्याला, कुणी कंपनीच्या कँटीनमध्ये. म्हणून ताई दोनदा फिरत. दिवसा म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि संध्याकाळी, घरचा स्वयंपाक उरकून, कामावरून परतलेल्या बायकांसाठी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं येणाऱ्या गोष्टीत हे वाक्य महत्त्वाचं आहे.

आमच्या कामाची एक पद्धत मला अजूनही आवडते. वस्तीतल्या बायकांना गोल बसवायचं. मध्ये चित्रांची कार्डं ठेवायची: नळ, गटार, कुत्रं, डास, दवाखाना, दारू. प्रत्येकीच्या हातात मूठभर चिंचोके द्यायचे. ज्याचा त्रास जास्त, त्या चित्रावर चिंचोके जास्त. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं. विहाराच्या अंगणात आम्ही असा खेळ मांडला. गयाबाई नावाची साठीची बाई होती, सुनंदाताईंच्या घराला भिंत लावून घर. त्यांनी आपले सगळे चिंचोके दवाखान्याच्या चित्रावर ओतले आणि वर शेजारणीच्या हातातले घेऊन तेही टाकले. मी विचारलं, असं का. तर म्हणाल्या, "आमी कामाला गेल्यावर उघडतो आन् यायच्या आत बंद व्हतो. ही सुनंदी घरी येती म्हणून, नाय तर दवाखाना कसा आस्तो ते आमाला चित्रातच बगावं लागलं आसतं." सगळ्या हसल्या. सुनंदाताईसुद्धा. मी ते शब्द वहीत जसेच्या तसे उतरवले. गयाबाई त्या दिवशी माझ्याशी बराच वेळ बोलत बसल्या होत्या आणि मी खाली मान घालून लिहीत होतो. हे वस्तीत सगळ्यांनी पाहिलं.

दवाखान्याच्या चित्रावर चिंचोक्यांचा ढीग झाला. मी तो मोठ्या कागदावर काढून घेतला, गुंडाळी केली, घरी आणली आणि कपाटामागं उभी केली.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी एक प्रकरण लिहायचं राहिलं होतं: 'आरोग्यसेवांची उपलब्धता व वापर'. कपाटामागची गुंडाळी काढायची, वही उघडायची आणि लिहायचं, एवढंच काम होतं. माझ्या मनात आलं, गोदावरीकाठच्या एका गावाचं हेच प्रकरण मी मागच्या वर्षी लिहिलंय. लोकसंख्या साधारण तेवढीच. गरिबी तीच. अभाव तर सगळीकडं सारखाच. मी ते पूर्ण प्रकरण, त्याच्या उपायांसकट, उचललं, गावाचं नाव बदललं आणि जोडून दिलं. नदी त्यातच आली. तिला कोण अडवणार? मी पान वाचलंसुद्धा नाही.

आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडमनी अहवाल पाहिला आणि प्रकरणाची भाषा प्रवाही आहे म्हणाल्या. आता ते आठवलं की मला हसू येतं. प्रवाही असणारच, गोदावरीच होती ती.

काही महिन्यांनी वस्तीच्या तोंडाशी, विहाराच्या अलीकडं, एक नवाकोरा पत्र्याचा फलक लागला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: 'नदीच्या पाण्यात कपडे व भांडी धुऊ नयेत.' माझ्या आराखड्यातला उपाय क्रमांक चार. एवढ्या वर्षांत माझ्या शिफारशींपैकी वेळेत अमलात आलेली ही पहिलीच.

सुनंदाताईंचा फोन आला. "सर, एक विचारायचं होतं. आपली नदी कुठंशी आहे?"

मागं बायकांचं हसणं ऐकू येत होतं. गयाबाई टोपल्यात कपडे घेऊन फलकाखाली जाऊन उभ्या राहिल्या होत्या म्हणे, आणि टँकर येईपर्यंत इथंच धुते म्हणत होत्या. मीही हसलो. टायपिंगवाल्याची चूक झाली म्हणालो. आमच्या संस्थेत टायपिंगवाला नाही. सगळं मीच टाइप करतो.

शुद्धिपत्र काढायला बसलो. ते पान उघडलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. नदीच्या खाली तीन ओळींवर एक वाक्य होतं: 'आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी अनियमित असल्याची तक्रार महिलांनी केली.'

गोदावरीकाठच्या त्या गावात बायकांनी ते खरोखर सांगितलं होतं. या वस्तीत कुणीही सांगितलं नव्हतं. इथं सांगितलं होतं ते बरोबर उलटं, आणि माझ्या वहीत ते गयाबाईंच्या शब्दांत लिहिलेलं होतं.

त्या वेळी काय विचार केला ते लख्ख आठवतं. एक नदी चुकून आली म्हटलं तर लोक हसतील आणि सोडून देतील. पण नदी चुकली आणि हेही चुकलं म्हटलं, तर कुणीतरी तिसरी गोष्ट तपासेल, मग चौथी, आणि सबंध प्रकरण दुसऱ्या गावचं आहे हे बाहेर येईल. शिवाय एक वाक्यच तर आहे, कोण वाचतंय. माझे अहवाल कुणी वाचत नाही, या गोष्टीचं मला आयुष्यभर दुःख होतं. त्या दिवशी मी तिचाच आधार घेतला.

मी शुद्धिपत्रात नदी खोडली. ती ओळ राहू दिली.

नेमकी तीच वाचली गेली. आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत, सगळ्या आशांसमोर, सुनंदाताईंना उभं करून ते वाक्य वाचून दाखवण्यात आलं आणि लेखी खुलासा मागितला गेला. त्यांचा मला पुन्हा फोन आला. या वेळी मागं कुणी हसत नव्हतं.

"सर, बायकांनी खरंच आसं सांगितलं का?"

मी म्हणालो, चर्चेत बऱ्याच गोष्टी येतात.

"कोण बोललं तेवढं सांगा. मी भांडणार नाय. मला नुसतं कळू द्या."

तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुसंस्कृत वाक्य बोललो. म्हणालो, "ताई, बोलणाऱ्यांची नावं गोपनीय असतात. तसा नियमच आहे."

नियम खरा आहे. प्रशिक्षणात मी तो दर वेळी कळकळीनं शिकवतो. लोकांनी निर्भयपणे बोलावं म्हणून तो केलेला आहे. मी त्यामागं लपलो, आणि फोन ठेवल्यावर आपण बरोबर वागलो असं मला थोडा वेळ वाटलंसुद्धा.

तीन वर्षं गेली. आराखड्यानं काय साधलं याचं फेरमूल्यमापन करायचं ठरलं आणि वस्ती पुन्हा माझ्याकडं आली. दुसऱ्या कुणाला द्या म्हणून पाहिलं, पण मॅडम म्हणाल्या, तुमचा तिथं चांगला संबंध आहे.

फलक तिथंच होता. त्यातल्या 'नदीच्या' या शब्दावर कुणीतरी चुना फासला होता. सुनंदाताई अजून आशाच होत्या. खुलासा दिला होता, काम टिकलं होतं. मला पाहून "जयभीम सर" म्हणाल्या आणि चालायला लागल्या, तशाच झपाझप. फक्त एक नवीन गोष्ट होती. प्रत्येक घरातून निघताना त्या काखेतली एक लांबट नोंदवही काढायच्या आणि घरातल्या बाईची सही घ्यायच्या. सही येत नसेल तर अंगठा. तारीख, घर, कारण, सही. तान्ह्या बाळाला नुसतं बघून निघाल्या तरी सही. बायका कंटाळून करायच्या. एक जण म्हणाली, "आली बगा आमची तलाठीन." ताई हसल्या नाहीत.

मी विचारलं, ही वही सरकारी आहे का. म्हणाल्या, "नाय, माझी हाय." आणि पुढच्या घरात शिरल्या. त्यांच्या शेजारच्या घरात मात्र शिरल्या नाहीत. दारातूनच वही आत सरकवली, अंगठा उमटल्यावर ओढून घेतली.

ते घर गयाबाईंचं. त्यांनी मला आत बोलावलं, चहा ठेवला. मी बसलो. त्या आता थकल्या होत्या, पण तोंड तसंच चालू होतं. म्हणाल्या, तीन वर्षं झाली, भिंतीला भिंत लागून बोलणं बंद आहे. सुनंदीच्या मुलीच्या लग्नात मला हळद लावायला बोलावलं नाही. बाकीच्या बायकांशी जेवढ्यास तेवढं. मग कप माझ्या हातात देऊन समोर बसल्या.

"तिला वाटतं मीच तिच्या चुगल्या केल्या. त्या दिशी तुमच्याशी मीच लई बोलले ना. तुमीच सांगा सायेब, मी काय सांगितलं व्हतं तुमाला?"

त्या खरोखर विचारत होत्या. एवढ्या दिवसांत त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली होती. आपण बोलता बोलता काही बोलून गेलो असू, आणि साहेबानं ते लिहिलं असेल.

त्यांचे शब्द माझ्या वहीत होते. फेरमूल्यमापनासाठी बरोबर घेतलेली ती जुनी वही त्या क्षणी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. मी चहा प्यायलो, चांगला झालाय म्हणालो आणि उठलो.

दोन आठवडे मी काहीच केलं नाही. म्हणजे बरंच केलं: कपाटामागची गुंडाळी काढून चिंचोके मोजले, पुन्हा गुंडाळली, पुन्हा उघडली. मग मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, केंद्राला पत्र पाठवा, नव्या अहवालाच्या परिशिष्टात खुलासा टाका. मी दोन्ही केलं. पत्र घेऊन केंद्रावर गेलो तर तिथले डॉक्टर म्हणाले, एवढं जुनं आता कशाला उकरता. पण वाचलं आणि ताईंच्या फायलीला लावून घेतलं.

परिशिष्टात माफी मागितली की ती कुणालाच ऐकू जात नाही, हे मला माझ्या धंद्यामुळं पक्कं माहीत होतं. म्हणून लसीकरणाच्या दिवशी वस्तीत गेलो. विहाराच्या ओसरीवर नर्सबाई लसीचा डबा उघडून बसल्या होत्या. बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत होत्या. गयाबाई नातवाला घेऊन आल्या होत्या. सुनंदाताई टेबलाशी कार्डं भरत होत्या. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोलायला लागलो. भाषणं मी पुष्कळ दिली आहेत. त्या दिवशी दोनच वाक्यं आली. ते वाक्य दुसऱ्या गावचं होतं, ते मी उचलून आणलं होतं, एवढं कसंबसं सांगितलं. एक पोर लस टोचल्यानं रडत होतं, त्यामुळं मागच्या बायकांना नीट ऐकूही गेलं नाही.

सुनंदाताईंनी हातातलं कार्ड भरून पूर्ण केलं. मग काखेतली नोंदवही काढली, कोरं पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवली.

"लेखी द्या, सर."

मी लिहिलं. हाताला वळण होतं, भरभर उतरलं: 'सदर अहवालातील उक्त मजकूर नजरचुकीने समाविष्ट झाला असून त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.' ताईंनी वाचलं. कार्डं बाजूला सारली.

"नजरचुकीनं? मी फोनवर विचारलं व्हतं तुमाला. तवा तुमी नियम सांगितला." वही परत माझ्याकडं फिरवली. "हे तुमच्या हापिसातलं झालं. जे झालं ते लिहा."

मागून गयाबाई म्हणाल्या, "आन् मोठ्यानं वाच. मला वाचता येत नाय."

मी वरचा मजकूर खोडला आणि खाली पुन्हा लिहिलं. या वेळी वेळ लागला. रांग थांबली होती, नर्सबाईही थांबल्या होत्या. लिहून झाल्यावर खाली पूर्ण नाव घातलं, सही केली, उभा राहिलो आणि वाचलं:

"तीन वर्षांपूर्वी या वस्तीचा आरोग्य अहवाल मी लिहिला. सुनंदाताई घरोघर नियमित जात नाहीत हे त्यातलं वाक्य मी दुसऱ्या गावच्या अहवालातून उचललं होतं. ते खोटं आहे हे पुढं मला कळलं. कळल्यावर मी नदी खोडली आणि हे वाक्य राहू दिलं, कारण मला माझी चोरी झाकायची होती. ताईंनी विचारलं तेव्हा मी नियमाआड लपलो. ताई दिवसातून दोनदा फिरत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. या वस्तीतल्या एकाही बाईनं त्यांची तक्रार केली नव्हती. गयाबाईंनीही नाही. सुनंदी घरी येती म्हणून दवाखाना आहे, असं गयाबाई म्हणाल्या होत्या. ते मी लिहून घेतलं होतं आणि छापलं नाही. ताई, मला माफ करा. गयाबाई, तुम्हीही."